खिडकीमागचे चित्र

मागच्या वर्षी विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरासाठी मी प्रकाशावरील बारा प्रयोगांचा संच तयार केला. प्रत्येक प्रयोगाचा एक फोल्डर. त्यात कृतीची दोन पाने, चार छायाचित्रे आणि एक छोटी चित्रफीत. हे सारे पेनड्राइव्हवर भरले. फोल्डरांना ०१ ते १२ एवढीच नावे दिली. लांबलचक नावांची गरज नाही असे मला त्या वेळी वाटले, कारण पेनड्राइव्ह उघडल्यावर जी खिडकी उघडते तिच्या पार्श्वभूमीला मी एक चित्र लावले होते. फिकट निळ्या रंगावर बारा चौकटी, प्रत्येक चौकटीत प्रयोगाचे नाव, साहित्य आणि लागणारा वेळ, आणि त्या चौकटीत नेमका बसवलेला तो तो फोल्डर. सातव्या चौकटीत, भिंग आणि सूर्यप्रकाश यांच्या प्रयोगाशेजारी, लाल अक्षरांत सूचना होती : भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. चित्र जमवायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि मी त्यावर बेहद्द खूश होतो.

शिबिरानंतर चार दिवसांनी एका शिक्षिकेचा दूरध्वनी आला.

"सर, तुमच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आहे का हो?"

"नाही बाई, का बरे?"

"बारा आकडे दिसतात, ते ठीक. पण त्यांच्याशिवाय टिंबाने सुरू होणाऱ्या कसल्या कसल्या फाइली आहेत. त्या उघडत नाहीत. आणि सातव्या प्रयोगाला भिंग केवढे घ्यायचे ते कुठेच लिहिलेले नाही."

बाईंच्या शाळेतील संगणक विंडोज प्रणालीचा, माझा मॅक. त्यांच्या पडद्यावर कोरी पांढरी खिडकी उघडली होती. चित्र नाही, चौकटी नाहीत, प्रयोगांची नावे नाहीत. पूर्वी कधीतरी त्यांच्या संगणकातील फोल्डर लपवून टाकणारा व्हायरस येऊन गेला होता. तेव्हापासून त्यांनी लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय कायमची चालू ठेवली होती. त्यामुळे माझ्या सजावटीचा सगळा पसारा त्यांना दिसला, सजावट मात्र दिसली नाही. भिंगाचे माप चित्रात होते. आणि ती लाल सूचनाही फक्त चित्रातच होती. हे लक्षात आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बाईंनी प्रयोग अजून वर्गात केला नव्हता, हे नशीब. उरलेल्या शिक्षकांना मी त्याच संध्याकाळी एकेक करून दूरध्वनी केले.

हा अपराध माझाच. पण त्या निमित्ताने, डिस्कच्या खिडकीला पार्श्वचित्र लावण्याची ही सोय मी नीट तपासून पाहिली. पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, संगणकातील एखाद्या सोयीची सहसा होत नाही. ती चालली तर आपण वापरतो, नाही चालली तर स्वतःला अडाणी ठरवतो. वास्तविक अशी प्रत्येक सोय कुणीतरी विचारपूर्वक केलेली रचना असते, आणि तिचे गुणदोष काढता येतात.

खिडकी हे मुळात एक रूपक आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ऑल्टो नावाचा संगणक तयार झाला, १९८१ मध्ये त्याच कंपनीचा स्टार बाजारात आला, आणि जानेवारी १९८४ मध्ये अॅपलच्या मॅकिंटॉशने हीच कल्पना सर्वसामान्यांच्या टेबलावर आणली. पडदा म्हणजे लिहिण्याचे टेबल, त्यावर डिस्कचे चिन्ह, चिन्हावर दोनदा टिचकी मारली की खिडकी उघडते आणि डिस्कमधील वस्तू दिसतात. या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये टेबलाचा पृष्ठभाग बदलता येत असे, पण कसा? पूर्ण चित्र लावून नव्हे. आठ ओळी आणि आठ स्तंभ अशा ६४ ठिपक्यांचा एक चौकोन मिळे. त्यातील कोणता ठिपका काळा आणि कोणता पांढरा ते आपण ठरवायचे. फरशीवर फरशी बसवावी तसा तोच चौकोन पडदाभर पसरे. ज्या नियंत्रण-खिडकीत हे करायचे तिच्यात एक शब्दही नव्हता, सारे चिन्हांनी सांगितलेले. मॅकिंटॉशची चिन्हे आणि अक्षरे रेखाटणाऱ्या सुसान केअर यांचा त्यात हात होता. त्यांची डॉक्टरेट कलेतील आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

पूर्ण चित्राऐवजी ६४ ठिपकेच का, याचे उत्तर हिशेबात आहे, आणि हा हिशेब आठवीच्या वर्गात सहज करून घेता येईल. त्या पडद्यावर ५१२ गुणिले ३४२, म्हणजे १,७५,१०४ ठिपके होते. एका ठिपक्याला एक बिट, आठ बिटांची एक बाइट, म्हणजे पडदाभर चित्राला २१,८८८ बाइट लागणार. यंत्राची एकूण स्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे १,३१,०७२ बाइट. पडद्यावर जे दिसते त्यासाठी या स्मृतीचा एक षष्ठांश आधीच खर्ची पडलेला. शोभेच्या चित्रासाठी आणखी एक षष्ठांश देणे म्हणजे दोन खोल्यांच्या घरात दिवाणखान्याचा हट्ट धरणे. आठ गुणिले आठच्या चौकोनाला मात्र फक्त आठ बाइट पुरतात. आणि आठ बाइटमध्ये वैविध्य कमी असते असे मुळीच नाही. प्रत्येक ठिपक्याचे दोन पर्याय, ठिपके ६४, तेव्हा नक्ष्यांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे सुमारे १८४ वर १७ शून्ये. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार ही गोष्ट आपण वर्गात सांगतोच. पटाची घरेही ६४ आणि तेथील दाण्यांची बेरीज या संख्येहून फक्त एकाने कमी.

हे झाले टेबलाचे. डिस्कची खिडकी त्या काळी पांढरीच राहिली. तिच्यात वाचायचे असते, म्हणून ती कागदासारखी असावी, हा विचार मला आजही पटतो.

खिडकीच्या आत चित्र आले ते स्मृती स्वस्त झाल्यावर. १९९८ च्या विंडोज ९८ मध्ये कोणत्याही फोल्डरच्या खिडकीत उजवी टिचकी मारून 'कस्टमाइझ धिस फोल्डर' हा पर्याय निवडला की एक मार्गदर्शक खिडकी उघडे, आणि चित्र निवडता येई. त्या प्रणालीला किमान १६ मेगाबाइट स्मृती लागे. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचे, ठिपक्याला तीन बाइट असे रंगीत चित्र २३,५९,२९६ बाइटचे होते. म्हणजे स्मृती शंभराहून अधिक पटींनी वाढली तरी पडदाभर चित्राचा हिस्सा एक षष्ठांशावरून एक सप्तमांशावर, एवढाच उतरला. स्मृती वाढली की आपण ठिपके आणि रंग वाढवतो, बचत होतच नाही. आजच्या ८ गिगाबाइटच्या संगणकात ३८४० गुणिले २१६० चे, ठिपक्याला चार बाइटचे चित्र ३,३१,७७,६०० बाइटचे होते, तरी तो हिस्सा अडीचशेव्या भागाहूनही कमी आहे. स्मृतीची अडचण आता संपली आहे. बाकीच्या अडचणी संपलेल्या नाहीत, आणि माझी खरी तक्रार त्यांच्याबद्दल आहे.

पहिला प्रश्न असा की हे चित्र असते कोठे? आपल्याला वाटते, खिडकीत. खिडकी ही मात्र उघडल्यावर काढली जाते आणि मिटल्यावर पुसली जाते, तिच्यात काही राहात नाही. म्हणून प्रणाली त्या फोल्डरमध्ये एक छोटी, लपवलेली फाइल ठेवते आणि कोणते चित्र लावायचे ते त्यात लिहिते. विंडोजमध्ये ती 'डेस्कटॉप.आयएनआय'. ती साध्या मजकुराची होती. कुणीही उघडून वाचावी, हवी तर हाताने बदलावी. मॅकमध्ये ती '.डीएस_स्टोअर'. ही माणसाला वाचता न येणाऱ्या रूपात असते. खिडकीचा आकार, चिन्हांची लांबीरुंदी, प्रत्येक चिन्ह कोठे ठेवले आहे आणि मागे कोणते चित्र आहे, हे सारे तिच्यात. पण चित्र स्वतः तिच्यात नसते. ते दुसरीकडे कोठेतरी फाइल म्हणून असते आणि येथे फक्त त्याचा पत्ता असतो. मूळ चित्र हलवले, पुसले किंवा पत्ता फक्त आपल्याच संगणकात लागू असला, की खिडकी पुन्हा कोरी. म्हणून डिस्क तयार करणारे लोक चित्र त्याच डिस्कवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात. मीही तेच केले होते, आणि बाईंना दिसलेल्या टिंबाच्या वस्तूंपैकी एक तीच होती. पत्ता बरोबर होता, चित्र जागेवर होते. पण चिठ्ठी वाचणारा दुसऱ्या प्रणालीचा होता आणि त्याला ती भाषा येत नव्हती.

असा दोष रचनेत असेल तर वापरणाऱ्याला तो दिसला पाहिजे. येथे तो दिसत नाही, हीच माझी मुख्य हरकत. माझ्या पडद्यावर फोल्डरचे नाव आणि मागच्या चित्रातील मजकूर शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत दिसत होते. यातील एक डिस्कबरोबर जगभर जाणार आणि दुसरे उंबरठ्यावरच गळून पडणार, अशी काहीही खूण तेथे नव्हती. आपण फळ्यावर लिहिलेले आणि विद्यार्थ्याच्या वहीत लिहिलेले यात कधी घोटाळा करत नाही, कारण कोणते घरी जाणार ते उघड असते. संगणकाने मला फळ्यावर लिहू दिले आणि ते वहीत लिहिल्यासारखे दाखवले.

विंडोजच्या बाजूने तर ही सोयच मावळली. २००१ च्या एक्सपीमध्ये मार्गदर्शक खिडकीतून चित्राचा पर्याय गेला, तरी 'डेस्कटॉप.आयएनआय'मध्ये हाताने ओळ लिहिली तर चित्र येत असे. पुढच्या व्हिस्टा आवृत्तीपासून तीही ओळ निरुपयोगी झाली. ज्यांनी हौसेने आपले फोल्डर सजवले होते त्यांची सजावट नवीन संगणकात निमूटपणे नाहीशी झाली. फाइल जागेवर, ओळ जागेवर, चित्र जागेवर, फक्त ती ओळ कोणी वाचेनासे झाले.

सोय काढून टाकण्यामागे कंपनीचा नेमका काय विचार होता ते मी सांगू शकत नाही, पण एक धोका त्या काळात सर्वांच्या समोर आला होता, तो सांगण्यासारखा आहे. विंडोज ९८ मध्ये फोल्डरचे रूप बदलण्याचा आणखी एक मार्ग होता, 'फोल्डर.एचटीटी' नावाचा साचा. त्यात चित्राबरोबर आज्ञावलीही लिहिता येई. म्हणजे फोल्डर नुसता उघडून पाहिला तरी त्यातील आज्ञा चालणार. २००२ मध्ये पसरलेल्या रेडलॉफ या व्हायरसने याच साच्यात ठाण मांडले. पेनड्राइव्ह खोचताच काय करावे हे सांगणाऱ्या 'ऑटोरन.आयएनएफ' या फाइलचीही तीच गत झाली. डिस्कला आपले चिन्ह लावता यावे, कार्यक्रम आपोआप सुरू व्हावा, यासाठी ती होती, आणि २००८ पासून पसरलेल्या कॉन्फिकर या वर्मने तिचा मनसोक्त उपयोग केला. शेवटी फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या आवृत्त्यांसाठीही सुधारणा पाठवून पेनड्राइव्हचा हा अधिकार काढून घेतला.

तेव्हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही. बाहेरून आलेल्या डिस्कने माझ्या घरातील खिडकीचे रूप ठरवावे का? पाहुण्याने बरोबर पडदे आणून आपल्या दिवाणखान्यात टांगावेत, असा हा प्रकार आहे. मॅकने पाहुण्याला फक्त चित्र टांगू दिले, आज्ञा चालवू दिली नाही. हे बंधन शहाणपणाचे आहे आणि त्याबद्दल मॅकला पुरे गुण द्यायला हवेत.

मॅकवर या सोयीचा एक खास उपयोग रुळला आहे, त्याविषयी थोडे सांगतो. नवीन सॉफ्टवेअर 'डीएमजी' नावाच्या फाइलमधून येते. ती उघडली की एक डिस्क अवतरते आणि खिडकी उघडते. डावीकडे सॉफ्टवेअरचे चिन्ह, उजवीकडे 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरचे चिन्ह, आणि मागच्या चित्रात डावीकडून उजवीकडे जाणारा एक बाण. हे उचलून तिकडे टाका, एवढाच अर्थ. शब्द नाही, कोणत्याही भाषेच्या माणसाला कळावे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ही कल्पना फार आवडली होती, आजही आवडते. वेगळा स्थापनेचा कार्यक्रम नाही, दहा प्रश्न नाहीत.

पण बाण चित्रात आहे आणि चिन्हे चित्राच्या वर तरंगत आहेत. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ज्याने चिन्हे नावानुसार लावून घेतली त्याच्याकडे बाण भलतीकडेच रोखलेला दिसतो. ज्याने खिडकीच्या तळाशी मार्ग दाखवणारी पट्टी चालू ठेवली आहे त्याच्याकडे चित्राचा खालचा भाग झाकला जातो. खिडकी ताणून मोठी केली तर चित्र ताणत नाही, ते वरच्या डाव्या कोपऱ्यात राहते आणि उरलेली जागा रिकामी. बाणाखाली इंग्रजीत सूचना लिहिली असेल तर तिचे भाषांतर होत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ती अक्षरे नाहीतच, नुसते रंगीत ठिपके आहेत. आणि जो विद्यार्थी अंध आहे त्याच्यासाठी बाण अस्तित्वातच नाही. पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात. मॅकमध्ये व्हॉइसओव्हर २००५ पासून अंगभूत आहे, विंडोजसाठी एनव्हीडीए विनामूल्य आहे. ती फोल्डरांची नावे वाचतात. मागच्या चित्रातील लाल सूचना ती वाचत नाहीत. माझ्या संचाच्या बाबतीत डोळस बाईंची जी अवस्था झाली ती अंध वापरकर्त्याची रोजची आहे, आणि बाईंनी दूरध्वनी करेपर्यंत हे मला सुचलेही नव्हते.

आता वाचनाचा प्रश्न. यात भौतिकी आहे, म्हणून जरा थांबू. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचा फरक मोजण्यासाठी वेबपृष्ठांच्या सुगम्यतेची एक मार्गदर्शिका आहे, तिची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. तिच्यात एक साधे सूत्र आहे. पूर्ण काळ्याचा उजळपणा ०, पूर्ण पांढऱ्याचा १ धरा. दोन्ही रंगांच्या उजळपणात ०.०५ मिळवा आणि मोठ्याला लहानाने भागा. काळ्यावर पांढरे असेल तर १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१. साध्या आकाराच्या मजकुराला हे गुणोत्तर किमान ४.५ असावे असे ती मार्गदर्शिका सांगते.

आता समजा अक्षरे काळी आहेत. गुणोत्तर ४.५ यायचे तर पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ०.१७५ हवा. अक्षरे पांढरी असतील तर तो जास्तीत जास्त सुमारे ०.१८३ चालेल. विद्यार्थ्यांना सूत्र देऊन या दोन सीमा काढायला सांगाव्यात. त्या जवळजवळ एकच आहेत. म्हणजे ०.१८ च्या आसपास एक कुंपण आहे. अलीकडे पांढरी अक्षरे चालतात, पलीकडे काळी. एकरंगी पार्श्वभूमी असेल तर काहीच अडचण नाही, ती कुंपणाच्या कोणत्या तरी एका बाजूला असणारच. छायाचित्र मात्र दोन्ही बाजूंना पसरलेले असते. छायाचित्रकार प्रकाश मोजण्यासाठी १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे करडे कार्ड वापरतात, कारण नेहमीच्या दृश्याचा मध्य साधारण तेथे धरला जातो. म्हणजे कुंपण छायाचित्राच्या बरोबर मधून जाते. सह्याद्रीच्या कड्यावर ढग आले आहेत असे सुंदर चित्र खिडकीमागे लावले, तर ढगांवर पांढरी नावे दिसत नाहीत आणि कड्यावर काळी. विंडोज ९८ च्या त्या मार्गदर्शक खिडकीत चित्राबरोबरच नावांचा रंग आणि नावांमागचा रंग निवडण्याची सोय होती. ज्याने ती ठेवली त्याला ही अडचण कळली होती, हे कबूल करावे लागेल.

उपाय सोपा आहे. चित्रात निम्मा पांढरा रंग मिसळून ते फिके करावे. मग त्यातील सर्वांत गडद काळासुद्धा मध्यम करडा होतो. त्याचा उजळपणा सुमारे ०.२१६ येतो आणि काळ्या अक्षराशी गुणोत्तर ५.३ च्या आसपास. सारे चित्र कुंपणाच्या एका बाजूला आले. लग्नपत्रिका छापणाऱ्यांना हे सूत्र न शिकता ठाऊक असते, गणपती नेहमी फिकाच छापतात.

पण एवढ्याने काम भागत नाही. जोशुआ सॉलोमन आणि डेनिस पेली यांनी १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अक्षरांवर वेगवेगळ्या जाडीची खळबळ, म्हणजे उजेड-काळोखाचे अनियमित डाग टाकून लोक अक्षर कधी ओळखतात आणि कधी चुकतात ते त्यांनी तपासले. फार जाड डाग फारसे नडत नाहीत, फार बारीकही नाहीत. अक्षराच्या रुंदीत उजेड-काळोखाची साधारण तीन आवर्तने बसतील अशा जाडीचे डाग सर्वांत जास्त नडतात, कारण डोळा आणि मेंदू अक्षर ओळखताना नेमक्या त्याच जाडीच्या तपशिलावर विसंबतात. म्हणून निळे आकाश निरुपद्रवी असते. झाडाची पाने, वाळू, गवत, गर्दी यांची चित्रे मात्र फिकी केली तरी सतावतात.

तो प्रयोग रोमन अक्षरांवरचा होता. देवनागरीसाठी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात येते. इंग्रजीत टिंब फक्त आय आणि जे या दोन अक्षरांवर, आणि ते दिसले नाही म्हणून शब्द बदलत नाही. आपल्याकडे एका टिंबाने खताची खंत होते आणि भागाची भांग. पार्श्वचित्रातील एखादा काळा कण नेमका शिरोरेषेच्या वर आला तर शिकलेला माणूसही अडखळतो. वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलाची काय कथा? 'भाग १' नावाच्या फोल्डरमागे मी मुद्दाम वाळूचे चित्र लावून पाहिले. घरातील तिघांपैकी एकाने तो 'भांग १' वाचला. हा काही प्रयोग नव्हे, पण मला पुरेसा झाला.

मराठी मजकूर चित्रात घालण्याची सवय आपल्याला लागली त्याला एक इतिहासही आहे. पूर्वी मराठीसाठी ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट असे. आपण लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकात उघडले की कंसांचा आणि टिंबांचा चिवडा दिसे. तेव्हा मजकुराचे चित्र करून पाठवणे हाच खात्रीचा मार्ग होता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि विंडोज २००० पासून ती तेथे नीट वापरता येऊ लागली. आता साध्या मजकुराच्या फाइलमधील मराठी कोणत्याही चालू संगणकात वाचता येते. फोल्डरचे नावही मराठीत देता येते. कारण संपले, सवय राहिली. तीच मला नडली.

मग ही सोय टाकाऊ आहे का? तसे मी म्हणणार नाही. ज्या संगणकावर चित्र लावले त्याच संगणकावर ते पाहायचे असेल तर तिचा फार चांगला उपयोग होतो. माझ्या स्वतःच्या मॅकवर एका फोल्डरमागे महाराष्ट्राचा फिका नकाशा आहे आणि ज्या त्या जिल्ह्यातील पाण्याच्या नमुन्यांचे फोल्डर त्या त्या जागी ठेवलेले आहेत. नावांच्या यादीत शोधण्यापेक्षा हे कितीतरी लवकर सापडते, कारण जागा लक्षात राहते. ज्या शाळेत मॅक असेल तेथे मानवी शरीराच्या आकृतीवर अवयवांचे फोल्डर ठेवून पाहावेत. मुलांना ते आवडेल. फक्त प्रत्येक फोल्डरला त्याचे पूर्ण नाव द्यावे. चित्र गेले तरी 'यकृत' हे 'यकृत'च राहील.

प्रवासाला निघणाऱ्या डिस्कवर मात्र चित्रात एकही असा शब्द असू नये की जो हरवला तर कुणाचे काही अडेल. मी संच पुन्हा केला. सातव्या फोल्डरचे नाव आता '०७ भिंग आणि सूर्यप्रकाश, आधी सूचना वाचा' असे आहे. सूचना कृतीच्या पानावर पहिल्याच ओळीत आहे, आणि सर्वांत वर '०० आधी हे उघडा' नावाची साध्या मजकुराची फाइल आहे. पार्श्वचित्र काढून टाकले.

नवा संच मिळाल्यावर बाईंनी ते जुने चित्रही मागून घेतले. चार पानांवर मोठे करून छापले, चिकटपट्टीने जोडले आणि प्रयोगशाळेत संगणकाशेजारच्या भिंतीवर लावले. शाळेचा प्रिंटर रंगीत नसल्याने सातव्या चौकटीतील सूचना काळी आली होती. तिच्याभोवती बाईंनी लाल स्केचपेनने जाड चौकट काढली आहे.